नळीत लोखंड कोंबणाऱ्या शेठ, हे तुमच्यासाठी

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लगेच लिहितेय.

राहनाळला एका जुन्या गोडाऊनमध्ये लेझर टॅगचा, म्हणजे प्रकाशाच्या बंदुकांनी एकमेकांवर नेम धरायच्या खेळाचा, गेम झोन सुरू झालाय. तिथल्या बंदुका मी डिझाइन केल्या. बॅटरी मुद्दाम मागे, मुठीजवळ बसवली, म्हणजे वजन तळहातावर येतं आणि मनगटाला त्रास होत नाही.

आज दुपारी गेले, तर शेजारच्या गोडाऊनमधल्या पॅकिंगवाल्या बायका खेळायला आल्या होत्या. त्यातल्या सुनंदाताईंनी थोड्याच वेळात बंदूक खाली ठेवली आणि "माझाच हात कच्चा," म्हणत त्या मनगट चोळत बसल्या. गेम झोनचे मालक शेठ हसले, "ताई, हा बायकांचा खेळ न्हाय."

मी ती बंदूक उचलली. पुढून एवढी जड कशी? उघडली, तर नळीत लोखंडी सळई कोंबलेली!

"हलकी बंदूक खेळण्यासारखी वाटते, मॅडम," शेठ म्हणाले. "असली वाटली पाहिजे ना!"

"खेळणंच आहे ते! तुम्ही स्वतः एक डाव तरी धरून बघितलीत का?"

"मशीन माझं हाय. हात नका लावू."

तेवढ्यात सुनंदाताई उठल्या. "ठेवा गं सगळ्या बंदुका. सळया निघाल्या तरच खेळायचं."

एकेक करत सगळ्या बंदुका काउंटरवर आल्या. शेठनी तोंड वाकडं करत स्क्रूड्रायव्हर मागवला.

माझा राग मात्र उतरला नाही. वस्तू वाईट असली तरी माणसं आधी स्वतःच्याच हाताला दोष देतात. तुम्हीही असंच करता का?