धरणारीची काच

राजारामपुरीत एका इमारतीचं काम चालू आहे. तिथं रोज सकाळी साडेआठला मी पंधरा-वीस माणसांना उभं करून दहा मिनिटं बोलतो. मी वेल्डिंगचा मिस्त्री. बोलणं हे काही माझं काम नव्हे, पण साइटवर सुरक्षेसाठी नेमलेल्या मॅडमनी ते माझ्या गळ्यात घातलं आणि खरं सांगायचं तर पुढं मला त्याची चटक लागली. सिलिंडर आडवा टाकायचा नाही, उभा करून साखळीनं बांधायचा. खाली थर्माकोल, बारदान, रंगाचे डबे असतील तर वर गॅस कटिंगला हात लावायचा नाही. कटिंग संपलं तरी वाळूची बादली घेऊन अर्धा तास तिथंच बसायचं, कारण ठिणगी बारदानात शिरून गप बसते आणि माणसं चहाला गेली की पेट घेते. आणि काच. डोळ्यापुढं काळी काच धरल्याशिवाय रॉड टेकवायचा नाही, एवढासा टाका मारायचा असला तरी नाही. जो वेल्डिंग करतो त्याला काच, आणि जो समोर लोखंड धरून उभा राहतो त्यालाही काच.

काचेच्या बाबतीत माझं डोकं पटकन फिरतं. डोळे मिटून टाका मारणाऱ्या एका चांगल्या वेल्डरला मी भर दुपारी साइटबाहेर काढलं होतं.

"मिस्त्री, एक तर टाका हाय," तो म्हणाला.

"मग एकच डोळा फोडून घे," मी ओरडलो.

आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा गळ्यात काच अडकवूनच आला. माणसं मला पाठीमागं 'काचवाले' म्हणतात. ते मला माहीत होतं, आणि वर आवडायचंही.

घर उचगावला. घरापुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये माझं स्वतःचं मशीन. रविवारी मी तिथं गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे असली कामं करतो. तिथं समोर धरायला बायको असते. हे सुरू कसं झालं तेही गमतीचंच आहे. एका रविवारी मदतीचा माणूस आला नाही आणि त्याच दिवशी कुणाच्या तरी वास्तुशांतीसाठी गेट पोचवायचं होतं. मी शेडमध्ये आदळआपट करत होतो. ती भाकरी थापत होती, परात बाजूला सारून बाहेर आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "काय धरायचं ते सांगा, उगं भांडी वाजवू नका." तिनं अँगल असा धरला की मी नंतर गुण्या लावून बघितला तर काटकोन बरोबर. गुण्या न लावता काटकोन धरणारी माणसं मी साइटवरही फार बघितली नाहीत. तेव्हापासून धरायचं काम तिचं. याला बावीस वर्षं झाली.

शेडमध्ये काच एकच होती, माझी. रॉड टेकवायच्या आधी मी ओरडायचो, "तोंड फिरव!" ती उजवीकडं तोंड फिरवायची. त्या बाजूला आमची चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत. टाका बसला की मी "हं" म्हणायचो, ती परत समोर बघायची. काही रविवारी दुपारनंतर तिचे डोळे लाल व्हायचे, वाळू गेल्यासारखे खुपायचे. मग ती बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडून राहायची. आमच्यात त्याला वेल्डिंग लागणं म्हणतात. शिकत असताना मलाही ते खूपदा लागलं होतं. कांदा चिरला की पाणी येतं, तसंच हे, असं मी धरून चाललो होतो.

साइटवर सकाळी मी जे बोलतो ते आमच्या शेडलाही लागू आहे, हे मला बावीस वर्षांत कधी सुचलं नाही. लोकांना हे खोटं वाटेल. मलाच आता वाटतं. पण साइट म्हणजे काम आणि शेड म्हणजे घर असा काहीतरी हिशेब डोक्यात पक्का बसला होता. साइटवर विचारायला मॅडम होत्या. घरात विचारणारी ती एकटीच, आणि तिनं कधी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात तिच्या डोळ्यांचं मनावर घ्यायची वेळ आली. बिद्रीला दिलेली आमची लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. येणाऱ्या बाळासाठी ही जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायला बसली. हिची वाकळ म्हणजे गल्लीत नाव आहे, ओळ अशी सरळ की दोरी लावून शिवल्यासारखी. त्या वाकळेची ओळ मध्येच खाली घसरायला लागली. मग ती शेजारच्या मुलीकडून सकाळीच दहा सुया ओवून घ्यायला लागली. त्या उशीला टोचून ठेवायची आणि दिवसभर एकेक वापरायची. मी म्हणालो, "चष्मा घे की." ती म्हणाली, "चष्म्याचं न्हाय ह्ये. डाव्या डोळ्यापुढं धुरकट धुरकट दिसतंय."

साइटपासून दोन गल्ल्या पलीकडं डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथं तिला नेलं. डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून बराच वेळ बघितलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, वयाच्या मानानं जास्तच आहे, उजव्यात नुकता सुरू होतोय, असं म्हणाले. मग विचारलं, "उन्हात काम करता का मावशी? भट्टी, वेल्डिंग असलं काही?"

"वेल्डिंग हे करत्यात," ती म्हणाली. "माझं नुसतं धरायचं काम."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. मी हसलो. "कधीमधी हो. रविवारचं," म्हणालो. त्यांनी डोळ्यात घालायचे थेंब लिहून दिले. डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर डाग वाटतोय, त्याचा फोटो काढावा लागेल, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. मी मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात तिला नेलंच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामाचं निमित्त सांगत राहिलो. खरं कारण भीतीचं होतं. तो डाग कशाचा, हे डॉक्टर माझ्यादेखत तिला सांगतील, ही भीती. रविवारी ती नेहमीसारखी शेडमध्ये येऊन उभी राहायची आणि मी नेहमीसारखं तोंड फिरव म्हणायचो. एवढं कळूनही म्हणत होतो, हे लिहिताना आता लाज वाटते.

पुढं साइटवर सुरक्षा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. तळमजल्यावर मांडव घातला, भडंग आणि चहा ठेवला. ही इरकल नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. मी गॅस कटिंगचं सांगितलं, वाळूच्या बादलीचं सांगितलं, आणि काचेचं तर फारच रंगवून सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते. मग मॅडम म्हणाल्या, "आता मिस्त्री एक टाका मारून दाखवतील. घरच्यांपैकी कुणी समोर धरायला येतंय का? म्हणजे धरणाऱ्यानं काय काळजी घ्यायची ते सगळ्यांना कळेल."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत असताना ही उठली.

"धरायचं व्हय? आणा हिकडं."

पुढं येऊन तिनं पदर खोचला, पक्कड उचलली आणि दोन अँगल असे जुळवले की समोरची माणसं कौतुकानं बघायला लागली. धरणाऱ्याची काच टेबलावर ठेवलेली होती, मॅडम ती उचलायला वळल्या होत्या. मी खाली बसलो, माझी काच तोंडापुढं घेतली, रॉडचा होल्डर उचलला, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तोंड फिरव!"

तिनं फिरवलं. उजवीकडं.

"थांबा मिस्त्री!" मॅडम ओरडल्या. मी होल्डर तसाच वर धरून राहिलो. मॅडम तिच्याजवळ गेल्या. "काकू, असं तोंड फिरवायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

"ह्यांनीच की," ती म्हणाली. "बावीस वर्षं झाली. मला लई सवय हाय."

तिनं हे अभिमानानं सांगितलं होतं, म्हणूनच लोक एवढे हसले. सगळा मांडव हसला. मी ज्याला साइटबाहेर काढलं होतं तो वेल्डर मागं उभा होता. तो तेवढा हसला नाही, खाली बघत होता. त्यानं हसायला हवं होतं. निदान त्याला तरी तो हक्क होता.

मॅडमनी टेबलावरची काच तिच्या हातात दिली. तिनं ती पुढून-मागून बघितली.

"धरणाऱ्याला बी अस्ती व्हय काच?" तिनं मला विचारलं.

  मशीन नीट चालत नाही असं सांगून मी होल्डर खाली ठेवला. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

गाडीवरून घरी जाताना ती एवढंच बोलली, की भडंग मऊ पडलेलं होतं. मी घरी गेल्यावर म्हणालो, "उद्या डॉक्टरांकडं जायचं."

"कशाला? थेंब हाईत की अजून."

"जायचं म्हणजे जायचं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मी सगळं सांगितलं. ती कुठं उभी राहते, उजेड परत डोळ्यात फेकणारी पांढरी भिंत कुठं आहे, किती वर्षं. डावाच डोळा जास्त का, तेही मला कळलं होतं. ती तोंड उजवीकडं फिरवायची, पण हातातला काटकोन हलू नये म्हणून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून अँगलवर नजर ठेवायची. माझं गेट वाकडं होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, डोळ्यात औषध घालून फोटो काढला. मोतीबिंदू काढता येईल म्हणाले. मागच्या पडद्यावर डाग आहे, तो मात्र राहणार. "हे वेल्डिंगमुळंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण इथून पुढं एक दिवसही काचेशिवाय नको."

"वाकळ शिवता येतीया न्हवं?" तिनं विचारलं.

"उजव्या डोळ्यानं येईल."

दवाखान्याचा जिना उतरताना मी मधल्या पायरीवर थांबलो. म्हणालो, "माझं चुकलं."

मला वाटलं होतं ती नेहमीसारखं काहीतरी बोलून सोडून देईल.

"चुकलंच," ती म्हणाली. "हात धरा आता. औषधानं पायरी दिसंना झालीया."

येत्या रविवारी दुसरा माणूस बघतो, नाहीतर लोखंड शिकंज्यात अडकवून करतो, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं. पण रविवारी मी मशीन चालू केलं आणि ती परात ठेवून बाहेर आलीच. "तुमच्या शिकंज्याला काटकोन कळतोय व्हय?" म्हणाली. मी तिच्यासाठी आणलेली काच तिच्या डाव्या हातात दिली, उजव्या हातात पक्कड. तिनं काच तोंडापुढं धरली.

"नुसता अंधार हाय की!"

"थांब जरा," म्हणून मी रॉड टेकवला. टाका मारून थांबायचं होतं, पण मी थांबलो नाही, सगळी ओळ घेतली. मध्येच तिचा आवाज आला, "अहो, ह्ये पातळ हुतंय की! काकवीगत सरकतंय बघा!" आमच्याकडं गुऱ्हाळात घट्ट काकवी जशी हळू सरकते तसंच ते दिसतं, हे खरं आहे. मी रोज बघतो. बावीस वर्षं माझ्यासमोर उभी राहून तिनं ते एकदाही बघितलं नव्हतं.

रॉड संपल्यावर तिनं काच खाली घेतली.

"डाव्या डोळ्यानं दिसलं?" मी विचारलं.

"एकदा उजवा मिटून बघितला. कडंचं दिसतंय. मधी काळं हाय."

 मी नवा रॉड लावला, खाली बसलो, आणि जीभ जळो माझी, पुन्हा तोंडातून तेच निघालं, "तोंड फिरव!"

ती जागची हलली नाही. काच तोंडापुढं घेऊन तशीच समोर बघत उभी राहिली.

"आता न्हाय फिरवायचं," ती म्हणाली. "दिसतंय तवर बघू द्या की."