विनाकारण चालणारे दाजी

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या दाजींइतका विनाकारण चाललेला माणूस सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायचे लासुर्ण्याला, नोकरी साखर कारखान्यात फिटरची. उन्हाळ्यात गाळप संपलं की रजा टाकायचे आणि पाठीवर सॅक चढवून पायी निघायचे. एका वर्षी गोवा, एका वर्षी विजापूर. वाटेत लोक थांबवून विचारायचे, "नवस हाय का?" "न्हाय." "मग एस्टीचा संप हाय?" "न्हाय." "मग ओ?" "बघायचं हाय, कुठवर जमतंय." हे ऐकून लोक प्यायला पाणी द्यायचे, पण लेकरांना जरा मागं ओढायचे.

सॅक त्यांनी स्वतः शिवलेली, ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची. ओझं कमी असावं यावर भारी कटाक्ष. दात घासायच्या ब्रशची दांडी कापलेली, साबणाची वडी अर्धी, कंगव्याचे सुद्धा दोन तुकडे. आणि एवढं करून तळाशी दोन किलोचा लोखंडी पाना. "वाटंत कुणाचं तरी काही बिघडलेलं असतंयच," असं त्यांचं समर्थन. शेजारीच स्टोव्हच्या रॉकेलची बाटली असे आणि ती इमानेइतबारे गळत असे. त्यामुळं त्यांच्या भाकरीला, चटणीला, गुळालासुद्धा रॉकेलचा वास यायचा. "पोटातलं जंत मरत्यात," म्हणून ते शांतपणे चावत राहायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास एका मे महिन्यात मीही त्यांच्याबरोबर निघालो. मी तेव्हा बारामतीला एका कचेरीत कारकून होतो आणि खुर्चीवर बसून बसून माझं पोट सुटायला लागलं होतं. दाजी हंपीला चालले होते. मी सोलापूरपर्यंत येतो म्हणालो. पहिल्याच दिवशी माझ्या टाचांना फोड आले, मांड्या घासून सोलल्या, खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले. दाजींनी माझे पाय मांडीवर घेतले आणि सुईदोऱ्यानं एकेक फोड फोडला. दुसऱ्या दिवशी सॅक हलकी लागली तेव्हा मला वाटलं, सवय होतेय. दुपारी वरकुट्यात एका विहिरीवरचं इंजिन बंद पडलेलं दिसलं. पाना काढायला दाजींनी सॅक उपसली, तर आतून माझी सतरंजी, माझा डबा आणि माझी पाण्याची बाटली निघाली. ते पाना घेऊन विहिरीकडं गेले. इंजिन चालू झालं, मालकिणीनं पोटभर जेवायला वाढलं, आणि मी माझी हलकी सॅक तशीच पाठीवर चढवली.

तिसऱ्या दिवशी इंदापूरच्या एस्टी स्टँडवर टेकलो. दाजींनी धुतलेली बनियन सॅकवर वाळत घातली होती आणि ते उघड्या तळव्यांना खोबरेल चोळत होते. दाढी वाढलेली, सदरा घामानं पांढरा पडलेला. तेवढ्यात समोर जीप थांबली. आमच्या कचेरीतले साहेब, शेजारी त्यांच्या बाईसाहेब. साहेबांनी मला ओळखलं, माझ्या अवताराकडं पाहिलं, मग दाजींकडं.

"अहो, तुम्ही इथं कसे? आणि हे कोण?"

"हमाल आहे, सर," मी म्हणालो. "सामानासाठी घेतलाय बरोबर."

हे कुणी मला शिकवलं नव्हतं. तोंडातून आपसूक आलं, आणि बाहेर पडल्यावर परत घेता येईना.

दाजी उठले. हातांचं तेल धोतराला पुसलं. "व्हय साहेब," ते म्हणाले, "सामान माझ्याकडंच हाय." त्यांनी आपल्या सॅकमधून माझ्या वस्तू काढून माझ्या सॅकमध्ये नीट भरल्या आणि ती उचलून जीपच्या मागच्या बाजूला ठेवली. साहेब बारामतीलाच निघाले होते, चला म्हणाले. मी चढलो. दाजी खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर पाय कोमट पाण्यात ठिवा. मीठ टाका त्यात." बाईसाहेब म्हणाल्या, "बरा आहे हो तुमचा माणूस." मी मान हलवली.

महिन्यानं बहीण भेटली. म्हणाली, "तुझे पाय लई सुजले हुते म्हणं. ह्यांनीच तुला बळं गाडीत बसवलं, व्हय का?" मी व्हय म्हणालो. त्या दिवशी जेवताना दाजींसमोर दोनदा विषय काढायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला हंपीचे दगड किती मोठे ते सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं नाही. मीही नाव काढलं नाही. त्याच मे महिन्यात कचेरीच्या कामासाठी एस्टीनं इंदापूरला चाललो होतो. खिडकीतून पाहिलं तर डांबरी रस्त्याच्या कडेनं दाजी एकटेच चालले होते, थोडे वाकून. मी उठून उभा राहिलो, घंटीच्या दोरीपर्यंत हात नेला, आणि शेजारी बसलेला कचेरीतला सहकारी "काय झालं?" म्हणाला तेव्हा खाली बसलो. गाडी जवळून गेली तसा दाजींनी हात वर केला. त्यांनी मला ओळखलं होतं, की ते प्रत्येक गाडीला असाच हात करत होते, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.