पाण्याच्या दिवशी उघडं दार

अन्याय झाला तो आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या मावशीवर आणि तिच्या म्हाताऱ्या सासूवर. कधी, तेही सांगते. या उन्हाळ्यात, मंगळवारी सकाळी, आठवडाभरानं नळाला पाणी आलं होतं तेव्हा.

मावशी माझ्या नात्यातली नाही. उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात खाली मालक काका-काकू, वर भाड्यानं मी, आणि मागं मावशी अन् सासू. मावशी चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला जाते. कंपनीची बस आमच्याच कोपऱ्यावर थांबते. तो कोपरा सुटला की नोकरी सुटली, एवढं सरळ आहे.

महापालिकेनं भाड्याच्या प्रत्येक खोलीची तपासणी सक्तीची केली तेव्हा विरोधाची पत्रकं मीच लिहिली, मीच गल्लीत वाटली. भाडेकरूनं हो म्हटल्याशिवाय पथकानं उंबरा ओलांडू नये, दार लावून घ्या, असं ठळक अक्षरात छापलं होतं. मावशीनं ते वाचून घडी घालून डब्याखाली ठेवलं होतं.

पण पथक आलं ते पाण्याच्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडं कुणाचंच दार लागत नाही. नळ अंगणात, ड्रम घरात, आणि पाइप उंबऱ्यावरून आत. दार लावलं तर आठवडाभर प्यायचं काय? मावशी ड्रममध्ये पाइप धरून उभी होती. कोपऱ्यातल्या मोरीत, साडीच्या पडद्यामागं सासू अंघोळ करत होती. आठवड्यातून एकदाच तिला डोक्यावरून मनसोक्त पाणी घेता येतं. पथकातले तिघे जण आत शिरले. कुणी विचारलं नाही. खिडकी आहे का ते बघायला त्यांच्यातल्या एकानं पडदा बाजूला केला.

म्हातारी बादली पोटाशी धरून भिंतीकडं तोंड करून बसली.

मी जिना उतरून भांडायला गेले. परवानगी कुणी दिली, म्हणून विचारलं. पथकाच्या साहेबानं माझ्याकडं न बघताच उत्तर दिलं, "दार उघडं होतं, मॅडम."

हीच म्हणे संमती. मी मावशीकडं वळले, तर ती पाइप न सोडता मलाच म्हणाली, "तुझं पत्रक वाचलं पोरी. पण दार लावून पाणी कुठून घेऊ? खिडकीतून? ती नाय म्हणून तर आलेत हे."

खोली राहायला अयोग्य ठरली. खिडकी नाही, स्वयंपाक आणि मोरी एकाच ठिकाणी. महिन्याभरात दुरुस्ती करा, नाहीतर रिकामी करा. दुरुस्ती करणार कुठं? मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली. काका वर माझ्याकडं आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी म्हणाले, लढू. ते जन्मभर कारकुनी केलेले. शिक्का बसलाय गं, एवढंच पुटपुटत राहिले. मग खाली जाऊन त्यांनी मावशीला खोली सोडायला सांगितलं, आणि काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

अंधाऱ्या खोल्यांचं मला कौतुक नाही. खिडकी पाहिजे, वायरिंग धड पाहिजे, हे मी पत्रकातही लिहिलं होतं. पण ज्याच्या भल्यासाठी तपासणी करता, त्याचंच सामान रस्त्यावर येत असेल तर ते भलं कुणाचं? पथकाच्या यादीत खिडकी आहे, मोरी आहे, बटणं आहेत. भाडेकरू जाणार कुठं, हे नाही.

कुठं जाणार ते मी बघितलं. मावशीबरोबर खोल्या शोधत हिंडले. सगळीकडं सुरुवात चांगली. या, बसा, पाणी घ्या. खोली दाखवायची, भाडं ठरायचं. मग जाता जाता सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय म्हणालात?" मावशी सांगायची. ती कधी लपवत नाही. पिशवीत बाबासाहेबांची तसबीर असते, खोलीत पहिला खिळा तिच्यासाठीच ठोकते. त्यावर मालकाच्या भावाची मुलं अचानक शिकायला येणार असायची.

आमच्या काकांनी कधी विचारलं नव्हतं. ते फार थोर आहेत म्हणून नव्हे. भर दुपारी दोन बायका पिशव्या घेऊन दारात उभ्या होत्या आणि काकूंनी आत बोलावलं, इतकंच. तेवढंही दुसरीकडं मिळेना.

शेवटच्या घरून परतताना मी रडकुंडीला आले होते. मावशी म्हणाली, "खिडक्या मात्र लई मोठ्या होत्या गं त्यांच्या."

गंगापूरकडं तिचा भाऊ आहे, तिथं जा म्हणून लोक सांगतात. तिथून चितेगावची बस कोण पाठवणार? आणि सासू आता पाण्याच्या दिवशीही अंघोळीला बसत नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसते, साडी न सोडता. परवा पाणी आलं तेव्हा तिनं विचारलं, ते लोक गेले का?

महिना संपत आलाय. माझ्याकडची पत्रकंही संपली. म्हणून आता तुम्हालाच सांगते. बसच्या त्या कोपऱ्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तुमची खोली रिकामी असेल, तर ती मावशीला द्या. आडनाव विचारू नका. आणि पथक आलं, तर पाइप चालू राहू द्या, दार उघडंच राहू द्या, पण उंबऱ्यात तुम्ही स्वतः उभे राहा. म्हातारीची अंघोळ होईपर्यंत हलू नका.