'लेट' लिहायचं की नाही

अनंतकृष्ण रावांची सगळी नोकरी मद्रासच्या एका इंग्रजी दैनिकात मृत्यूच्या जाहिराती घेण्यात गेली. निवृत्तीनंतर वेस्ट मांबलममधल्या तंजावरी मराठी घरांत तेच काम ते हौसेने करू लागले. कुणी गेलं की पुरोहिताच्या आधी त्यांना बोलावणं जाई. अग्नी कोण देणार हे मागाहून ठरे. मयत इंग्रजीत नेमकं काय झालं, हे आधी.

'डाइड' हा शब्द इंग्रजांपुरता ठीक, असं त्यांचं मत. आपल्याकडे मरणं ही गरिबांची सवय. पेन्शनर असेल तर तो 'पास्ड अवे'. मॅनेजर होऊन निवृत्त झालेला 'हेवनली अबोड'कडे निघे, जणू सेंट्रलवरून रिझर्व्हेशन करून. आणि ज्याचा मुलगा अमेरिकेत, तो थेट परमेश्वराच्या 'लोटस फीट'पाशी रुजू. 'एक्स्पायर' त्यांना खपत नसे. ते औषधांचं, असं ते रडणाऱ्या बायकांनाही समजावून सांगत. जिवंतपणी ज्यांची कुणी विचारपूस केली नाही, अशा कित्येकांची त्यांनी इंग्रजीत उत्तम सोय लावली. मराठीतला 'मेला' मात्र बायकांनी नवऱ्याला उद्देशून वापरायचा, एवढाच उपयोग त्यांना मान्य होता.

मागच्या वर्षी महालक्ष्मी त्यांच्याकडे आली. शाळेत गणित शिकवणारी, लांबच्या नात्यातली. तिच्या मुलीचं, सहानाचं लग्न ठरलं होतं. मुलगा साताऱ्याचा, ओरगडमच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर. महालक्ष्मीचा नवरा विश्वेश, सहाना पाळण्यात असतानाच घर सोडून गेलेला. एन्नोरला दुसरा संसार थाटून धडधाकट होता. आता थोरले दीर व्यंकोजी म्हणत होते की बाप जिवंत आहे, कन्यादानाला पाटावर तोच बसेल, तू बाजूला राहा, मी घेऊन येतो त्याला.

महालक्ष्मीने पत्रिकेचा मसुदा पुढे केला. नवऱ्याच्या नावाआधी तिने 'लेट' लिहिलं होतं.

राव हादरले. माणूस जिवंत असताना लेट कसा?

"वीस वर्षं घरी आला नाही, मामा. लेट नाही तर काय?"

रावांना विनोद कळला नाही. त्यांनी कोश उघडला. मग दयेपोटी नव्हे, निव्वळ वर्गीकरणाच्या आवडीने त्यांनी तिला दाखवून दिलं, की लेट लिहिलंस तर तू विधवा झालीस. विधवेला पाटावर कोण बसू देणार? दान व्यंकोजी आणि त्यांची बायको देतील.

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने मसुदा पुन्हा वाचला.

"म्हणजे तो जगला तरी उठायचं मीच, आणि मेला तरी मीच."

रावांनी 'अर्स्टव्हाइल', म्हणजे माजी, सुचवला. फार भारदस्त शब्द, संस्थानांना लावतात. दुरावलेल्यासाठी 'एस्ट्रेंज्ड'ही आहे, पण चारचौघांत बरा दिसत नाही. ती म्हणाली, नावच काढून टाका. 'डॉटर ऑफ'नंतर बापाचं नाव नसेल तर वाक्य लंगडं पडतं, असं रावांनी बजावलं.

"पडू द्या," ती म्हणाली, आणि मसुदा उचलून छापखान्यात गेली.

पत्रिका निघाली. रिकाम्या जागेचा अर्थ नातेवाइकांनी आपापल्या बुद्धीने लावला. निम्म्यांनी फोनवर 'सो सॉरी'ची तार छेडली. उरलेल्यांनी आवाज बारीक करून "कधी?" एवढंच विचारलं. ती कुणालाच हो किंवा नाही म्हणाली नाही. पत्रिकेत नाव नसलेल्या भावाला कुठल्या तोंडाने न्यायचं, या विचाराने व्यंकोजी एन्नोरकडे फिरकलेच नाहीत. मानपान तेवढा सांभाळून बसले.

लग्नाच्या दिवशी महालक्ष्मी कुंकू लावून पाटावर एकटी बसली. पुरोहिताने इकडेतिकडे बघून विचारलं, यजमान आहेत की गेले?

"मुलगी माझी आहे. तुम्ही मंत्र म्हणा."

पुरोहिताने व्यंकोजींकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मुहूर्त टळत होता. त्याने मंत्र म्हटले. सहानाचा हात महालक्ष्मीने स्वतः मुलाच्या हातात दिला, वर पाणी सोडलं. पाणी थोडं पुरोहिताच्या धोतरावर गेलं.

अनंतकृष्ण रावांनी अक्षता टाकल्या, आणि जेवायला पहिल्या पंगतीला बसले.