आमच्या सुनेचा इतिहासाचा कप

आमची सून कॉलेजात जाते असं मी सांगितलं की लोक विचारतात, शिकवायला का? मी म्हणते, छे, वर्गातला फळा पुसायला. मग ते गप्प होतात. मग मी हळूच म्हणते, आणि शिकायलाही. मग ते पुन्हा गप्प होतात. मला ही दुसऱ्या वेळची गंमत जास्त आवडते.

ती तिथं शिपाई आहे. सकाळी वर्गांची कुलपं काढायची, बाकं झटकायची, घंटा द्यायची, मास्तरांच्या खोलीत चहा पोचवायचा आणि त्यांची भांडणं न ऐकल्यासारखं करून ऐकायची. संध्याकाळी घंटा देऊन झाली की हात धुवायचे आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं. स्वतःच पुसलेल्या फळ्यावर मास्तर लिहिणार, ते ही उतरवून घेणार, आणि तास संपला की उठून पुन्हा तोच फळा पुसणार. मी म्हटलं, अगं, मग आधीच पुसू नकोस ना, वाचेल तेवढंच. तर हसली.

हे शिक्षणाचं खूळ शिरलं ते माझ्या नातीमुळे. नात मोठ्या वर्गात गेली आणि एक दिवस हिनं तिच्या वहीत डोकावलं तर पोरगी म्हणाली, राहू दे आई, तुला नाही कळायचं. झालं. दुसऱ्या दिवशी सूनबाई प्रवेशाचा अर्ज घेऊन घरी. विषय घेतला इतिहास. माझा लेक म्हणाला, बरोबर निवडलंस, कोण कुणाला केव्हा काय बोललं हे तुला लग्नाच्या दिवसापासून पाठ आहे.

मग स्वयंपाकघरात राजेरजवाडे आले. पीठ मळताना ती मोठ्यानं घोकायची. अमक्यानं भावाला कैदेत टाकलं, तमक्यानं बापाविरुद्ध बंड केलं, तिसऱ्याच्या राणीनं चौथ्याला विष घातलं. मी भाजी निवडता निवडता ऐकायची. मी काही शिकलेली नाही, अक्षराला अक्षर लावून वाचते इतकंच, पण एवढं मला कळलं की त्या मानानं आमच्या घरात फारच बरं चाललंय.

आता कपाचं सांगते. कॉलेजात दर वर्षी बक्षीससमारंभ होतो. तिथल्या प्राचार्य, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, फार टापटिपीच्या. कार्यक्रम कसा घड्याळासारखा व्हायला हवा. म्हणून आदल्या दिवशी रंगीत तालीम. पण ज्यांना बक्षिसं मिळायची ती पोरं सुट्टीत आपापल्या घरी पसरलेली, तालमीला कोण येतंय. मग त्यांच्या जागी उभं कुणाला करायचं? आमच्या सुनेला.

ती डाव्या जिन्याशी उभी राहते. माईकवाले सर नाव पुकारतात. ती वर जाते, मोठ्या बाई तिच्या हातात कप देतात, ही मान लववते, उजव्या जिन्यानं उतरते, पडद्यामागून वळसा घालते आणि फटीतून हात घालून कप टेबलाच्या कडेला परत ठेवते. कारण तालमीला कप एकच, पोचे आलेला. खरे कपाटात. मग पुन्हा डावा जिना, पुढचं नाव. असं सगळी नावं संपेपर्यंत. इतक्या वर्षांत हिला त्या कॉलेजचं प्रत्येक बक्षीस मिळून झालंय. गणितातली पहिली ती, उत्तम वक्ता ती, पोहण्यात अव्वल तीच. बादलीभर पाण्यालाही भिते, पण अव्वल.

आणि दर वर्षी तालमीहून आली की भांडी घासताना एकदा तरी म्हणायची, आई, इतके कप हातात आले, एकदा तरी एखादा घरी घेऊन यावा. लेक एकदा म्हणाला, बाजारात मिळतात की, उद्या आणून देतो. त्यावर त्याच्याशी दोन दिवस बोलणं बंद. तिला विकतचा नको होता. तिला तिथला, टाळ्यांमध्ये मिळालेला, परत न ठेवायचा कप हवा होता. एवढं एकच.

यंदा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला. आता निकाल सगळ्यांच्या फोनवर येतो, पण मोठ्या बाईंना तो काचेच्या फळ्यावरही लागतो, आणि तिथं लावायचं काम कुणाचं? हिचंच. कागद हातात घेऊन ऑफिसातून फळ्यापर्यंत आली, पण पठ्ठीनं नजर खाली नेली नाही. म्हणे, मुलांच्या आधी आपण बघायचं नाही. चार टाचण्या मारल्या, काच लावली, कुलूप घातलं, आणि मागं वळते तर पोरांची अशी झुंबड की ही थेट पाण्याच्या टाकीपाशी ढकलली गेली. स्वतः लावलेला निकाल, आणि दिसतायत फक्त पोरांच्या पाठी. टाचा उंचावतेय, उड्या मारतेय. शेवटी पुढून एक मुलगी ओरडली, ताई, इतिहासात तुम्ही पहिल्या.

घरी आली ती चप्पल घालूनच आत. मला धरून गरगर फिरवलं. माझे गुडघे त्या दिवशी दुखायचे विसरले.

पहिली आली म्हणजे इतिहासाचा कप तिचा. पण तालीम काही चुकली नाही. आदल्या दिवशी इतर सगळ्यांबरोबर स्वतःच्या नावालाही तीच वर गेली, आणि पोचे आलेला कप शिस्तीत परत ठेवून आली.

समारंभाला आम्ही सगळे गेलो. तिसरी रांग. लेकाचे नवे बूट चावत होते आणि नात त्याला सांगत होती की बाबा, फोन आडवा धरायचा असतो. स्टेजवर लांब टेबल, त्यावर ओळीनं कप, ज्याच्या त्याच्या विषयाचं नाव कोरलेले. घासून लखलखीत केलेले. कुणी घासले ते सांगायला नको.

पहिलाच पुकारा इतिहासाचा झाला. आमची सून डाव्या जिन्यानं वर आली. टाळ्या. मोठ्या बाईंनी कप दिला, हिनं मान लववली. लेकानं चित्रण केलं, त्यात त्याचा अंगठा फार छान आलाय. ही उजव्या जिन्यानं उतरली. तिथून पोरं वळून हॉलमध्ये आपापल्या खुर्चीवर येत होती. ही वळली पडद्यामागे. मला वाटलं, घसा कोरडा पडला असेल, पाणी प्यायला गेली.

तेवढ्यात पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि कप टेबलाच्या कडेला ठेवून परत आत गेला.

सरांनी भूगोलाचं नाव घेतलं. एक उंच, चष्मेवाला मुलगा डाव्या जिन्यावर पाय ठेवतो न ठेवतो, तोच त्याच्या पुढून आमची सून भराभर वर. आणि मोठ्या बाईंनी कडेचा कप उचलून दिला की हो तिच्या हातात. त्यांचा तरी काय दोष? आदल्या दिवशी हाच चेहरा, हेच हात. हिनं मान लववली, उतरली, पडद्यामागे. हॉलनं टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, बाई हुशार आहे, दोन विषय मारले. लेक अर्धा उठून म्हणाला, भूगोल पण? नात म्हणाली, बाबा बसा, आई भूगोलात नाहीये.

पुन्हा फटीतून हात. पुन्हा कप कडेला. सरांनी तालमीच्याच लयीत रसायनशास्त्राचं नाव घेतलं. आता जिन्यावर तो उंच मुलगा खांबासारखा उभा, त्याच्यामागे रसायनवाली मुलगी, आणि दोघांच्या मधून वाट काढत आमची सून तिसऱ्यांदा वर. मोठ्या बाईंचा हात कपाकडे गेलासुद्धा. तेव्हा माईकवाले सर भानावर आले. हळू आवाजात बोलले, पण माईकवर.

"ताई, आज तालीम नाही."

हॉल हशानं असा फुटला, काय सांगू. पंखे चालू असून ऐकू येईनात. सून स्टेजच्या मधोमध गोठली, मग तोंडावर दोन्ही हात घेऊन जी पळाली ती पडद्याआड.

इकडे मोठ्या बाई सावरल्या, भूगोलवाल्याला पुन्हा बोलावलं आणि हातातला कप त्याला दिला. तो इतिहासाचा. मग रसायनवालीला मिळाला भूगोलाचा, पुढच्याला रसायनाचा, आणि गाडी अशीच एकेक डबा घसरत गेली. पोहणाऱ्या मुलीला मिळाला उत्तम वक्त्याचा कप, आणि ती तर लाजून आपलं नावसुद्धा नीट सांगत नव्हती. शेवटी टेबलावर पोहण्याचा कप उरला आणि नावं संपली.

मी तोवर काठी टेकत पडद्यामागे पोचले होते. सून एका उलट्या खुर्चीवर बसली होती, कान लालबुंद.

"आई, मी मागच्या दारानं घरी जाते. मला नको तो कप."

"नको तर नको," मी म्हटलं. "पण मग इतकी वर्षं भांडी घासताना माझं डोकं का खाल्लंस ते सांग, आणि जा."

रडावं की हसावं तिला कळेना. तिनं दोन्ही केलं. तेवढ्यात माईकवर मोठ्या बाईंचा आवाज आला. इतिहासाचा कप ज्याच्याकडे असेल त्यानं हात वर करावा. आम्ही फटीतून बघितलं तर हॉलभर हात वर. ज्याला त्याला आपला सोडून दुसराच मिळालेला, ज्यानं त्यानं कप डोक्यावर धरलेला, आणि बाजार भरावा तशी अदलाबदल चाललेली. घे तुझं गणित, दे माझं भाषण. उंच मुलानं इतिहासाचा कप स्टेजवर नेऊन दिला. मोठ्या बाई म्हणाल्या, चूक त्यांच्या पायांची तशी माझ्या हातांचीही आहे, दोघींना पुन्हा एक संधी द्या. आणि हिचं नाव घेतलं, पूर्ण.

मी पाठीवर हात ठेवला. खरं म्हणजे ढकललं.

ती गेली. जिना नाही, पडद्यातूनच गेली. कप घेतला. मान लववायची विसरली. उजव्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आली आणि थबकली. पाय पुन्हा पडद्याकडे वळायला लागले, मला वरून स्पष्ट दिसत होतं. तर अख्खा हॉल उभा राहिला, पोरं, मास्तर, कुणाकुणाचे आईबाप, सगळे हात करून म्हणतायत, इकडे, ताई, इकडे. आमचा लेक तर बूट काढून खुर्चीवर चढला होता. मग ती वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हॉलमध्ये उतरली.

समारंभ संपल्यावर हेडक्लार्क खोका घेऊन दारात उभे. तिथली रीत अशी की कपावर जिंकणाऱ्याचं नाव कोरायला तो लगेच ऑफिसात जमा करायचा. पोरं शहाण्यासारखी खोक्यात ठेवत होती. हिची पाळी आली. हिनं कप काखेत मारला.

"ताई, ठेवा. नाव कोरायचंय."

"उद्या आणून देईन, भाऊसाहेब. आज नाही."

"अहो, असं कधी झालंय का? तुम्हालाच नियम माहीत."

"माहीत आहे. आजवर मीच ठेवत आले."

भाऊसाहेबांनी मदतीसाठी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंना नेमका त्याच वेळी छताचा पंखा बघावासा वाटला.

"पण बिननावाचा कप," भाऊसाहेब कुरकुरले, "कुणाचा ते लोकांना कळणार कसं?"

"आज हे कुणाला कळायचं राहिलंय, भाऊसाहेब?" ती म्हणाली.

त्यावर तेही हसले आणि खोका बाजूला सरकवून त्यांनी वाट दिली. ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, कप दोन्ही हातांत. लेक बूट हातात घेऊन मागून धावत होता, जरा मला धरू दे म्हणत. तिनं काही दिला नाही.