लेकीच्या धनुष्याचं लाकूड

आमचे हे लष्करातून खांद्याची दुखापत घेऊन परत आले, तेव्हापासून घरात एकच पालुपद होतं. आता माझ्यानं काय होणार! माझे कान किटले होते. एकदा मी तोंडावर सांगितलं, की खांदा एक गेलाय, माणूस अख्खा घरात आहे. त्यावर ते उठून रानात गेले.

मग तिरंदाजीच्या सरावात लेकीचं बांबूचं धनुष्य मोडलं. त्याच आठवड्यात माझ्या माहेरी, मेढ्याला, वाऱ्याने धामणीचं झाड आडवं झालं. धामणीचं लाकूड वाकतं, सहजी मोडत नाही. ह्यांनी आपणहून माझ्या भावाला फोन केला आणि टेम्पोतून ओंडका इकडे आमच्या घरी, रहिमतपूरला आणवला. मला देव पावल्यासारखं झालं.

वखारीतून कापून आणू म्हटलं, तर नको म्हणाले. मोबाइलवर बघून बघून त्यांचं ठरलं होतं. करवत लाकडाचा धागा तोडते. धनुष्याला तो सलग लागतो, म्हणून ओंडका पाचर ठोकून फाडायचा. पण घण उचलणार कोण? गुरांचे खुंटे ठोकून माझे हात तयार होते. पाचर त्यांनी धरली, घण मी घेतला. शेजारीण कुंपणाशी येऊन म्हणालीच, की सगळी भांडणं मिटवायची संधी बरी आहे.

ओंडका मधोमध उकलला. पण पहिल्या अर्ध्यात गाठ निघाली, चीर तिकडे वळली आणि सुटत आलेली लांब पट्टी, म्हणजे फाळी, निम्म्यातच तुटली. लेकीचं तोंड उतरलं. ह्यांनी पाचर टाकून दिली. पालुपद सुरू व्हायच्या आत मी पाचर उचलून त्यांच्या हातात दिली.

दुसरा अर्धा बेताबेताने फाडला. घाव घालायचा, थांबायचं, चीर कुठे जाते ते बघायचं. अखेर लेकीपेक्षा उंच, सरळ फाळी हाती आली. धनुष्य तिच्या उंचीचं हवं होतं. मी तिला शेजारी उभं केलं, डोक्याशी खूण केली आणि वरचा तुकडा कापायला करवत घेतली.

ह्यांनी माझा हात धरला. "थांब की. वाळाय वरीस जाईल. तवर पोरगी वाढंल न्हवं? मग तासायचं मी बघतो."

परत आल्यापासून पुढच्या वर्षाचं बोलणं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या हातातली करवत त्यांनी कधी काढून घेतली, कळलंच नाही.