चार गुंजा, मधातून

दिंद्रुडला वैद्यबुवांकडे मी पुड्या बांधायचो. निजामाचा अंमल, आसपास दुसरा दवाखाना नाही. पुड्या संपायच्या, किस्से मात्र साठत गेले! औषध एकदाही खोटं नव्हतं हो, चुकलं ते माप. बुवा महासंतापी, त्यामुळे घाबरून लोक अर्धंच ऐकायचे.

गणपाच्या टाचांना भेगा पडल्या. बुवांनी बिब्बा सांगितला, सुईच्या टोकानं, फक्त भेगेत. पठ्ठ्यानं गुडघ्यापर्यंत चोपडला! पायभर फोड बघून बुवा गरजले,

"कावून लावला बे येवढा?"

"थेंबानं गुण आला, म्हटलं लवकर उरकावं!"

कचेरीतल्या मुन्शींना झोप येईना. जायफळाचे दोन वेढे सहाणेवर उगाळून दुधातून घ्यायचे होते. मुन्शींच्या लक्षात राहिलं फक्त 'दोन'. दोन अख्खी जायफळं किसून प्याले! दुसऱ्या दिवशी कचेरीत टेबलाखाली बसून ओरडत होते, "छत नीचे आरा रे!" तहसीलदारसाहेबांनीही दचकून वर पाहिलं म्हणे.

एका पैलवानाला चमचाभर एरंडेल सांगितलं. "चमच्यानं काय हुतंय? आमी दूध तांब्यानं पितो!" तांब्यानंच प्याला. मग दिवसभर शेतातच मुक्काम!

इथवर हसलो. पण पार्वतीचं आठवलं की अजून काटा येतो.

आमची पूड गुंजांनी तोलायची. लाल, काळ्या डोळ्याची गुंज, सोनाराकडे असते तीच. पार्वतीच्या नवऱ्याला खोकला होता. बुवांनी पुडी दिली आणि म्हणाले, "चार गुंजा, मधातून." म्हणजे चार गुंजांच्या वजनाएवढी पूड! तिनं पुडी फडताळात ठेवली आणि कुंपणाच्या वेलीवरच्या चार गुंजा मधातून दिल्या!

दुसऱ्या दिवशी तिनं हे सहज सांगितलं. बुवांनी हातातला खल खाली ठेवला.

"चावल्या का गिळल्या?"

"गिळल्या म्हनत्यात की."

बुवांच्या जिवात जीव आला. अख्खी गुंज पोटातून तशीच बाहेर पडते. दाताखाली फुटली तर माणूस जातो.

"चारी पडल्या का ते मोजून सांग," बुवा म्हणाले.

दोन दिवसांनी ती एकटीच आली. पदराच्या गाठीत धुतलेल्या गुंजा.

"मालक कुठं हायत?" बुवांनी विचारलं.

"घरी. कालपास्नं लई उलट्या व्हत्यात." तिनं गाठ सोडली. "तीन सापडल्या."

"आन् चौथी?"

"ती ह्यांनी चावली व्हती म्हनं. तुमी रागवाल म्हून बोलले न्हाईत."